संगीतावरचं शब्दकोडं रचतोय, ठुमरीपाशी अडलंय

पेटीवाला_मुलुंड

नमस्कार मंडळी,

आमच्या पेटीच्या क्लासची गुरुपौर्णिमा यंदा दादरला एका छोट्या हॉलमध्ये आहे. आधी मुलांचं वादन, मग मोठ्यांचं, शेवटी आम्हाला शिकवणाऱ्या ताईंचं. मध्ये चहा-वड्याची सुट्टी असते आणि ती दरवर्षी लांबते. कार्यक्रम रविवारी, मेगाब्लॉकही रविवारीच, त्यामुळे तबलजी कुठेतरी कुर्ल्याच्या अलीकडे अडकलेले असतात. त्या वेळात प्रत्येकाच्या हातात संगीतावरचं एक शब्दकोडं ठेवावं असं डोक्यात आलं. आता रोज रात्री जेवण झालं की गणिताची चौकटीची वही, पेन्सिल आणि खोडरबर घेऊन बसतो. घरचे म्हणतात, रियाज तरी इतका कर.

एक कोपरा मस्त जमलाय:

मा | ल | कं | स
र | ■ | ■ | ता
वा | रं | वा | र

आडवे मालकंस आणि वारंवार, उभे मारवा आणि सतार. 'वारंवार' संगीतातला नाही, पण 'रियाज असा करावा, एकदाच नव्हे (४)' म्हटलं की खपतो.

घोडं अडलंय ते खालच्या कोपऱ्यात. तिथे ठुमरी आडवी बसवलीय आणि 'ठु'वरून खाली उतरणारा संगीतातला शब्द काही केल्या सापडत नाही. दुसरं म्हणजे रागांची नावं. मालकंस की मालकौंस? देसकार की देशकार? तिसरं, क्लासमध्ये तिसरीतल्या मुलांपासून निवृत्त आजोबांपर्यंत सगळे आहेत. एकच कोडं सगळ्यांना कसं पुरवायचं?

एक गोष्ट मात्र ठरवलीय. अमुक पंडितांचं जन्मसाल, तमुक बाईंना कुठला पुरस्कार, असले क्लू नकोत. ती परीक्षा झाली. उत्तर सापडल्यावर माणसाने स्वतःच्याच कपाळावर हात मारला पाहिजे.

साडेनऊची_फास्ट

ठुशी. गुरुपौर्णिमेला सोन्याच्या भावावर चर्चा सुरू होईल आणि तबलजी येईपर्यंत वेळ छान जाईल. ह. घ्या.

खर्जातला

+१ ठुशीला. क्लू: 'ठुमरी गाणाऱ्या बाईंच्या गळ्यात सुरांशिवाय आणखी काय होतं? (२)'

उभाआडवा

पेटीवाले, तुम्ही प्रत्येक घर आडवं आणि उभं दोन्हीकडून भरायला निघाला आहात. ही अमेरिकी पद्धत. तिथे जवळजवळ प्रत्येक चौकोन दोन शब्दांत येतो. ब्रिटिश पद्धतीच्या जाळीत साधारण एक सोडून एक घर छेदतं, मधली घरं एकाच शब्दाची. मराठीला दुसरीच पद्धत झेपते. इंग्रजीला २६ अक्षरांत संसार करायचा असतो. आपल्याकडे एकट्या 'क'ची बाराखडी बारा घरं खाते, वर जोडाक्षरं. 'ठु' दोन शब्दांत येण्याची शक्यता किती, विचार करा.

तेव्हा 'ठु' मोकळा सोडा आणि 'री'वरून छेदा. री शेवटी येणारे शब्द पोत्याने आहेत: बासरी, कजरी, होरी, आसावरी. कजरी घेतलीत तर ठुमरीची शेजारीणच मिळाली, दोन्ही उपशास्त्रीय. 'म'वरून छेदायचं असेल तर गमक आहे, यमन आहे.

हीच युक्ती वर्तनीच्या भांडणालाही चालते. वादाचं अक्षर नेहमी न छेदणाऱ्या घरात टाकायचं. तुमच्याच कोपऱ्यात 'कं'च्या खाली काळा चौकोन आहे. कोणी तिथे 'कौं' लिहिलं तरी शेजारच्या कुठल्याही शब्दाला धक्का लागत नाही, दोन्ही उत्तरं बरोबर. देसकारचं दुसरं घर असंच मोकळं ठेवा. केरवा-केहरवाचं काम तर कंसातला आकडाच करतो, (३) की (४).

माझा अनुभव विचाराल तर बिनामात्रेच्या अक्षरांचे शब्द हे कोडेकाराचं खरं भांडवल. यमन, गमक, सरगम. आधी त्यांना छेदांच्या जागी बसवा. श्री, त्रि, स्था, ठु वगैरे मंडळी कडेला.

मावशी_पार्लेकर

उभाआडवा, एवढं सगळं फुकट सांगितलंत! वाचनखूण साठवली आहे.

स्वरानंदिनी

पेटीवाला, उपक्रम आवडला, पण एका गोष्टीला माझा विरोध आहे. 'परीक्षा नको' म्हणत म्हणत तुम्ही संगीतच बाहेर काढाल. नुसता शब्दांचा खेळ असेल तर मग कोडं भाज्यांवरही करता येईल. गाणं शिकणाऱ्याला आपण शिकलोय त्याचा उपयोग झाला असं वाटायला हवं ना?

मी वर्गात मुलांना विचारते तसे प्रश्न घाला. 'भूपाचेच पाच स्वर, पण इथे वादी ध (४)'. उत्तर देशकार. वादी म्हणजे रागातला मुख्य सूर, संवादी त्याच्या खालोखालचा. भूपात ग वादी आणि ध संवादी, देशकारात उलटं. स्वर तेच असून चेहरा वेगळा का होतो, हे त्या एका क्लूमधून मुलाला आठवतं. मारवा, पूरिया, सोहनी ही तिन्ही भावंडं अशीच. तिन्हींत पंचम नाही, रिषभ कोमल, मध्यम तीव्र. मारव्यात कोमल रे आणि ध यांचं राज्य, पूरियात ग आणि नी, सोहनी वरच्या सप्तकात रमणारी. 'मारव्याचेच सूर, पण रात्र सरताना, वरच्या मजल्यावर (३)' असा क्लू दिलात तर ज्याने सोहनी ऐकलीय त्याला क्षणात येईल.

आणि वर्तनीची सूट मला पसंत नाही. मराठीत मालकंस, बस्स.

पेटीवाला_मुलुंड

@उभाआडवा, दंडवत. ठुमरी आणि कजरी री-वर भेटल्या, कोपरा सुटला.

@स्वरानंदिनी ताई, सोहनीचा क्लू उचलतोय. वरच्या मजल्यावर, वा! मी परीक्षेला नाही म्हटलं ते पाठांतराच्या. कानाने येणारं उत्तर हवंच आहे.

लालबागची_पोर

सगळं वाचलं. मालकंस, मारवा, कजरी. कोडं मुंबईत करताय ना? मग बेंजो कुठाय? आमच्या गल्लीत आगमनाच्या दिवशी बेंजो पार्टी लागली की पाचव्या माळ्यावरची आजीसुद्धा गॅलरीत येऊन मान डोलवते. ते पण संगीतच आहे. संबळ, हलगी, दिमडी, तुणतुणं, ढोलकी, यातलं एकतरी टाका. आणि लोकलच्या डब्यातलं भजनी मंडळ? टाळ तरी?

साडेनऊची_फास्ट

टाळ: 'डब्यात वाजतो आणि उतरताना चप्पल शोधताना कानाशीच असतो (२)'. आमच्या डब्यात सकाळी भजन असतं. दाराशी लटकणाऱ्यांनाही कोरस पाठ आहे.

स्वरानंदिनी

लालबागची पोर, बेंजोला माझी ना नाही. आतून ते आपलं बुलबुलतरंगच, फक्त वीज जोडलेलं. बुलबुलतरंग सात घरांचा लांब शब्द आहे, बु ल बु ल त रं ग. कोड्याच्या मधोमध कणा म्हणून घाला, उलट फायदाच होईल. बिनामात्रेचा ल दोनदा, शिवाय त आणि ग. उभाआडवा खूश.

उभाआडवा

खूश! 'त'वरून तबला खाली सोडा.

कोड_लिहितो

हे सगळं हाताने कशाला करताय? शब्दांची यादी एका फाइलमध्ये टाका, संगणकाला सांगा 'मधलं अक्षर ता असलेले तीन घरांचे शब्द दे', झालं.

फक्त एक खड्डा आधीच सांगतो. संगणक घरं मोजत नाही, संकेत मोजतो. तंबोरा आपल्याला तीन घरं. त्याला सहा: त, अनुस्वार, ब, ओची मात्रा, र, काना. हार्मोनियम आपल्याला पाच, त्याला दहा. स्प्रेडशीटमध्ये लांबी विचारलीत तर हाच आकडा येतो आणि सगळी जाळी बोंबलते. त्यासाठी युनिकोडचे अक्षरगट पाडायचे नियम असतात, पण जुन्या सॉफ्टवेअरमध्ये तेही 'र्' वेगळा आणि 'मो' वेगळा करतात. जोडाक्षर एकसंध धरायचा नियम २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला. त्यामुळे वापरताय ते नवं आहे का ते बघा, नाहीतर सरळ यादीतच घरांच्या मध्ये रेघ देऊन लिहा: हा-र्मो-नि-य-म. मी शेवटी तेच करतो.

गिरगावकर

संगणकाने जाळी होईल, क्लू नाही होणार. चौकटीची वहीच बरी. खोडताना सुचतं.

थोडं अवांतर. शब्दकोडं हा प्रकार पहिल्यांदा छापला गेला तो २१ डिसेंबर १९१३ ला, न्यूयॉर्क वर्ल्ड या वृत्तपत्रात. आर्थर विन यांनी केलेलं. चौरस नव्हतं, शंकरपाळ्याच्या आकाराचं होतं. तेव्हा जाळी सममित हवी, चौकोनी हवी वगैरे दडपण घेऊ नका. पेटीच्या आकाराचं केलंत तरी चालेल.

आता मुद्द्याचं. थाटांची, म्हणजे रागांच्या मूळ स्वर-साच्यांची, कल्पना करून पहा. भातखंडे आपल्या वाळकेश्वरचे, १८६० चा जन्म (हे क्लूमध्ये घालू नका, तुम्हाला साल चालत नाही), पेशाने वकील. त्यांनी रागांची मांडणी दहा थाटांत केली: बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी. दहाही नावं दोन ते चार घरांची. कोडेकाराला आयतं ताट वाढून ठेवलंय. भैरव आडवा आणि त्याच 'भै'वरून भैरवी उभी. मारवा तुमच्याकडे आहेच. दहाही थाट एकाच जाळीत बसवून दाखवा, मी दादरला स्वतः वडे घेऊन येतो.

भेंडीबाजारही विसरू नका. 'भाजीचं मार्केट नव्हे, गाण्याचं घराणं (५)'. मुंबईच्या मोहल्ल्याचं नाव लागलेलं घराणं आहे, क्लासच्या मुलांना कळू दे.

मावशी_पार्लेकर

काफीचा क्लू माझ्याकडून: 'पुरेसा थाट (२)'. हिंदी सिनेमे पाहणाऱ्यांना येईल. आमच्या ह्यांनी कॉफी लिहिलं.

उभाआडवा

मावशी, हा अस्सल गूढ क्लू झाला! पेटीवाले, याच वाटेने जा. एका अर्थाने वाचला तर साधं वाक्य, दुसऱ्या अर्थाने उत्तर. काही नग देतो, उत्तरं देत नाही:

सात मात्रांचा अलंकार (३)
आधी फटका, मग दाद (३)
हिमालयाच्या पायथ्याशी सापडते (२)
बागेत शेवटी 'त' ऐवजी लक्ष्मी उभी (३)

खर्जातला

पहिला तीव्रा? सात मात्रा आहेत.

उभाआडवा

मात्रा आहेत, अलंकार कुठाय?

खर्जातला

रूपक!! तालही आणि अलंकारही. हात मारला कपाळावर. पेटीवाल्यांची अट पूर्ण.

कोड_लिहितो

हिमालय, शेवटी लय. बागेत, बागेश्री. फटका-दाद अजून चालू आहे.

लालबागची_पोर

मार + वा! = मारवा. सोप्पं होतं, गल्लीत रोजचंच.

साडेनऊची_फास्ट

आता गाडीतल्यांची पाळी. विंडो सीट मिळाली होती, त्यामुळे सुचलं:

दादर स्टेशनला शेवटी काना लावा, गाडी सहा मात्रांत धावेल (३)
सायनला सा सोडून गा म्हणा (३)
राजा आला, पण म आणि नी दारातच राहिले (२)

स्वरानंदिनी

दादरा, गायन, भूप. तिसऱ्यासाठी तुम्हाला माझ्याकडून शाबासकी. राजा हा अर्थही आला आणि वर्ज्य, म्हणजे त्या रागात न लागणारे, स्वरही आले. शब्दाचा खेळ आणि संगीत दोन्ही. मी म्हणत होते ते हेच.

पेटीवाला_मुलुंड

सायनचा क्लू वाचून ऑफिसात मोठ्याने हसलो. साहेबांनी पाहिलं.

मी पण एक केलाय, आमच्या वाद्याचा: 'देवगडहून आली तर आंबे, क्लासहून आली तर सूर; आकाशवाणीने १९४० ते १९७१ दाराबाहेर ठेवली (२)'.

मावशी_पार्लेकर

पेटी! पण साल चालत नाही म्हणाला होतात ना? :)

पेटीवाला_मुलुंड

मावशी, ही जखम आहे, साल नाही. एकतीस वर्षं आमच्या वाद्याला रेडिओवर बंदी. गवयाला साथ करणारी पेटी प्रत्येक मैफलीत, प्रत्येक कीर्तनात, प्रत्येक नाटकाच्या पिटात, आणि स्टुडिओत मात्र नाही.

स्वरानंदिनी

भावना समजते. पण आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. पेटीवर मींड निघत नाही. पट्टी दाबली की तो सूर तिथेच ठाम, पुढच्या सुरापर्यंत घसरत जाता येत नाही. श्रुतींचा सूक्ष्म फरक दाखवता येत नाही. दरबारीतला आंदोलित कोमल गंधार पेटीवर वाजवून दाखवा.

पेटीवाला_मुलुंड

ताई, तो तबल्यावरही निघत नाही. तबल्यावर बंदी नव्हती.

खर्जातला

हाहाहा. समेवर आलात पेटीवाले.

स्वरानंदिनी

तबला सूर दाखवायचा दावा करत नाही. असो. साथीला पेटी मलाही लागते, सारंगीवाला आता कुठे मिळतो? वेगळा धागा काढा, तिथे भांडू.

गिरगावकर

मी पॉपकॉर्न घेऊन त्या धाग्यावर आधीच बसलोय.

पेटीवाला_मुलुंड

धागा वर काढतोय. प्रगती सांगतो.

दहा थाट एकाच जाळीत बसले नाहीत. आठ बसले. पूर्वीचा 'र्वी' आणि कल्याणचा 'ल्या' या दोघांनी छळलं. उभाआडवांच्या नियमाने कडेला ढकलायला गेलो तर कडेला जागा उरली नव्हती, तिथे आधीच बेंजो येऊन बसला होता. गिरगावकर, वडे हुकले.

जाळी ११ बाय ११ ठेवलीय. सुरुवातीला इंग्रजी पेपरासारखी १५ बाय १५ आखली होती, पण आपले शब्द तीन-चार घरांत संपतात, मग सगळीकडे काळंच काळं दिसायला लागलं. बुलबुलतरंग मधोमध आडवा, 'त'वरून तबला.

मुलांचं काय करायचं ते अजून कळत नाहीये. सायनचा क्लू ठीक आहे, पण 'वादी ध' तिसरीतल्या मुलाला कसा झेपेल?

मावशी_पार्लेकर

जाळी एकच ठेवा, क्लूंची पानं दोन करा. मुलांच्या पानावर तबल्याला 'डग्ग्याचा जोडीदार', मोठ्यांच्या पानावर तिरका क्लू. उत्तरं तीच. आजोबा आणि नात शेजारी बसून एकच कोडं सोडवतील. आजोबा अडले तर नातीच्या पानावर हळूच बघतील. मी आमच्या हळदीकुंकवाला म्हणींवरचं असंच केलं होतं, बायकांनी सरळ मुलांचंच पान मागून घेतलं.

उभाआडवा

उत्तम. मी हे सुचवायला हवं होतं, मावशींनी बाजी मारली. छापताना घर मोठं घ्या, 'र्मो' लिहायचा तर चौकोनात जागा लागते. उत्तरं उलटी छापू नका, लोक पान उलटं करतात. ताईंच्या वादनानंतर फळ्यावर लावा.

लालबागची_पोर

आणि पेन्सिली न्या. हॉलमध्ये एकाकडेही पेन नसतं.

पेटीवाला_मुलुंड

दोन पानं पक्की. मावशी, तुमचं नाव खाली आभारात टाकतोय, 'मावशी' एवढंच.

आता शेवटचा एक क्लू अडलाय. मुलांच्या पानावर लिहिलंय: 'फुंकल्याशिवाय वाजत नाही (३)'. घरी विचारलं तर मुलगी म्हणाली बासरी, आई म्हणाली सनई, भाऊ म्हणाला पिपाणी.

खर्जातला

तिन्ही तीन घरांची. क्लू बदला.

कोड_लिहितो

छेद काय आहे तिथे?

पेटीवाला_मुलुंड

मधलं घर उभ्या तानपुऱ्याचा 'ता'.

कोड_लिहितो

मग तुतारी. एकच उत्तर उरतं, क्लू ठेवा.

साडेनऊची_फास्ट

पेटीवाले, तुतारी छापायच्या आधी हॉलवाल्यांना विचारून घ्या, कुठल्या पक्षाचे आहेत ते. आणि चित्र काढणार असाल तर वाजवणारा माणूस काढू नका.

गिरगावकर

समतोलासाठी शेजारी घड्याळ, मशाल आणि इंजिनही घाला. मेट्रोनोमला घड्याळ म्हणता येईल.

लालबागची_पोर

मशाल संगीतात कशी बसवणार?

गिरगावकर

दीपक रागाच्या क्लूला.

संपादक मंडळ

राजकीय चर्चेसाठी स्वतंत्र विभाग आहे. कृपया इथे तुतारी वाद्य म्हणूनच वाजवावी.